रिपोर्ट नॉर्मल, मुलगा बेचैन

छातीत दुखतं म्हणून चौदा-पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं फिजिशियनकडे येतात, तेव्हा सोबत बहुतेक वेळा एक फाइल असते. फाइलमध्ये दोन-तीन ईसीजी, एक टू-डी इको, कुठल्यातरी पॅकेजातल्या रक्ततपासण्या, कधी छातीचा एक्स-रे, आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर तोच शब्द: नॉर्मल. फाइल आईच्या मांडीवर असते, बोलतेही आईच. मूल बाजूला बसून दोन बोटांनी मनगटावरची नाडी चाचपत असतं. त्या ‘नॉर्मल’चा त्याच्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही. उलट प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर धास्ती थोडी वाढलेलीच असते, कारण दुखणं तर आहे आणि ते कशाचं हे एवढ्या मशीननाही सापडत नाही, असा हिशोब त्या वयात मांडला जातो. हे काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. अशा मुलांच्या बाबतीत आपण सगळे, डॉक्टर काय आणि पालक काय, तपासणीलाच उत्तर समजतो. तपासणी एक शक्यता खोडते, बस. दुखणं कशामुळे होतं हे वेगळं सांगावं लागतं. ते न सांगता ‘काही नाही, टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून घरी पाठवलं, तर पुढच्या महिन्यातली पुढची तपासणी आपणच नक्की करून ठेवतो.

आधी आकडे पाहू. अमेरिकेतल्या बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2000 ते 2009 या काळात छातीत दुखतं म्हणून हृदयविकार विभागात आलेल्या 3,700 मुलांचा आणि तरुणांचा लेखाजोखा 2011 मध्ये प्रसिद्ध केला. ही मुलं थेट हृदयरोगतज्ज्ञांसमोर आलेली, म्हणजे आधीच एक चाळणी लागलेली. तरीही हृदयाचं कारण निघालं ते 37 जणांत, शंभरात एकाला. 36 टक्के मुलांचं दुखणं स्नायू आणि बरगड्यांचं होतं, 7 टक्क्यांचं फुप्फुसं आणि श्वासनलिकांचं, 3 टक्क्यांचं अन्ननलिका आणि पोटाचं. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या, म्हणजे एकूण 52 टक्के मुलांच्या कागदावर ठोस कारण लिहिलंच गेलं नाही. हृदयाचं नाही, एवढंच ठरलं. पुढच्या वर्षांत या मुलांचं काय झालं हेही मृत्यूंच्या नोंदींवरून तपासलं गेलं. घरी पाठवलेल्यांपैकी एकही जण हृदयविकाराने दगावला नव्हता. तीन मृत्यू झाले होते, आणि त्यांतले दोन आत्महत्येचे होते. तीन मृत्यूंवरून संख्याशास्त्राचा कुठलाही निष्कर्ष निघत नाही, आणि मी तो काढतही नाही. पण सगळ्यांचे डोळे ज्या अवयवावर खिळलेले होते तिथून काहीच आलं नाही, आणि जे आलं ते ईसीजीच्या पट्टीवर कधीच उमटलं नसतं, हे विसरता येत नाही.

मग दुखतं तरी काय? या वयात दोन-तीन प्रकारच पुन्हा पुन्हा भेटतात. पहिला म्हणजे अचानक येणारी चमक. मूल पोक काढून अभ्यासाला बसलेलं असतं किंवा उशीला टेकून मोबाइल पाहत असतं, आणि डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या जरा खाली, सुई खुपसल्यासारखं होतं. श्वास आत घेतला की कळ वाढते, म्हणून मूल श्वास रोखून तसंच थिजून बसतं. काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत, कळ आली तशी निघून जाते. मिलर आणि टेक्सिडोर या डॉक्टरांनी 1955 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. मिलर यांना स्वतःलाच ते होत असे. त्याला प्रीकॉर्डियल कॅच म्हणतात. हृदयाशी त्याचा संबंध नाही, औषध लागत नाही, आणि वय वाढतं तसं ते बहुतेकांचं आपोआप थांबतं. दुसरा प्रकार म्हणजे बरगडी जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथली कूर्चा दुखावणं. नव्याने जिम लावलेली असते, पुशअप्सची पैज लागलेली असते, आठवडाभर खोकला झालेला असतो, नाहीतर दहा किलोचं दप्तर एकाच खांद्यावर लटकवायची सवय असते. या मुलांना ‘कुठे दुखतं ते दाखव’ म्हटलं की ती एका बोटाने नेमकी जागा दाखवतात. हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं दुखणं माणूस सहसा तळव्याने किंवा आवळलेल्या मुठीने दाखवतो, कारण त्याला अशी टाचणीएवढी जागा नसते. दाखवलेल्या जागी अंगठ्याने जरा जोर दिला की मूल दचकतं आणि म्हणतं, ‘हेच, हेच.’ बोट तिथेच ठेवून मुलाला विचारावं, ‘माझा अंगठा तुझ्या हृदयापर्यंत पोचलाय का?’ पुढचं बरंचसं मूल स्वतःच समजून घेतं. इकोच्या पडद्यावर हलणाऱ्या राखाडी सावल्यांतून ते कधी समजत नाही.

तिसरा प्रकार भीतीचा, आणि तो सगळ्यांत कमी समजावला जातो. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अजून पुष्कळ घरांत ड्रॉवरमध्ये आहे. रात्री घर झोपलं की मूल तो काढून बोटाला लावतं. पडद्यावर दोन आकडे येतात: 98 आणि 104. त्यातला 98 कामाचा, पण मुलाची नजर 104 वर. नाडी शंभरच्या वर म्हणजे काहीतरी बिघडलं, या विचाराने आकडा 112 होतो, मग 120. श्वास पुरत नाही असं वाटून ते खोल, भराभर श्वास घेऊ लागतं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताची आम्लता बदलते, कॅल्शियमचा मज्जातंतूंना उपलब्ध असलेला भाग घटतो, आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, कधी हाताची बोटं आखडून वाकडी होतात. भराभर श्वास घेऊन बरगड्यांमधले स्नायू दमतात, छाती आवळल्यासारखी वाटते. आता मोबाइलवर ‘छातीत दुखणे आणि हाताला मुंग्या’ असं शोधलं, तर काय वाचायला मिळतं ते सांगायला नको. हा सगळा प्रकार साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. घरच्यांनी तोवर गाडी काढलेली असते. कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत नाडी खाली आलेली, ईसीजी स्वच्छ, आणि ‘नाटकं करतोस’ हा शेरा तयार. यात कुठेही नाटक नाही. मुंग्या खऱ्या, धडधड खरी, दुखणंही खरं. खोटा आहे तो फक्त काढलेला अर्थ.

आजकालच्या पिढीला काही सोसत नाही, हे सगळं मोबाइलमुळे होतं, असं म्हणणाऱ्यांना इतिहास जरा दाखवावासा वाटतो. जेकब दा कोस्टा या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या सुमारे 300 सैनिकांच्या तक्रारी 1871 मध्ये मांडल्या: छातीत कळ, धडधड, दम, चक्कर, आणि तपासून पाहावं तर हृदय ठीक. हे सगळे तरुण शिपाई, हातात मोबाइल नसलेले. पहिल्या महायुद्धात हाच त्रास इतका पसरला की थॉमस लुईस यांनी 1918 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. लुईस यांनी अशा सैनिकांना खाटेवर पडून राहू देण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत करायला लावली. पुढे 1941 मध्ये लंडनच्या पॉल वुड यांनी दाखवून दिलं की ही लक्षणं हृदयविकारापेक्षा भीतीच्या विकाराशी जास्त जुळतात. म्हणजे निदान ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वैद्यकाला हे ठाऊक आहे. तरी दर पिढीत आपण ते नव्याने शोधून काढतो आणि दर पिढीत दोष पोरांच्या सवयींना देतो.

पण मग सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणावं का? मुळीच नाही, आणि इथे माझ्या बाजूच्या डॉक्टरांनाही थोडं ऐकवलं पाहिजे. बोस्टनच्या त्या नोंदींत भीती किंवा मानसिक कारण फक्त 1 टक्का मुलांत लिहिलेलं आहे. याउलट हृदयाचं कारण नसलेल्या छातीदुखीच्या मुलांना बसवून, ठरलेल्या प्रश्नावलीने मानसोपचाराच्या अंगाने विचारलं, अशा छोट्या अभ्यासांत निम्म्याहून जास्त मुलांत भीतीचा काही ना काही विकार आढळला आहे. एकाच दुखण्यात 1 टक्का आणि 50 टक्के, हा फरक मुलांतला नसावा. जो विचारतो त्याला सापडतं, जो विचारत नाही त्याला नाही. त्या 52 टक्के ‘कारण अज्ञात’ मुलांत किती जणांना कुणी काही विचारलं असेल, असं मनात येतं. पण हीच गोष्ट उलटी घेतली तर तीही चुकीची. दुखावलेल्या कूर्चेच्या मुलाला ‘हे तुझ्या मनातलं आहे’ म्हणणं म्हणजे त्याच्या अंगठ्याएवढ्या खऱ्या दुखण्याचा अपमान. शिवाय दोन्ही गोष्टी एकत्र असतात: उसण भरल्यासारखी साधी कळ येते, तिच्यावर भीती चढते, भीतीने लक्ष छातीवर खिळतं, आणि जी कळ एरवी जाणवलीही नसती ती दिवसातून दहादा जाणवते. शरीर की मन, हा वाद दवाखान्यात घालत बसण्यात अर्थ नाही. मुलाला या साखळीची प्रत्येक कडी दाखवता आली पाहिजे.

आता तपासणीने धीर मिळतो, या समजुतीकडे येऊ. माझ्या म्हणण्याचा सगळा भार इथे आहे. रॉल्फ आणि बर्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी 2013 मध्ये 14 चाचणी-अभ्यास आणि 3,828 रुग्ण एकत्र करून पाहिलं, की गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना तपासणी केल्याने रुग्णाची काळजी कमी होते का. उत्तर आलं की जवळपास नाही. आजाराची चिंता तेवढीच राहिली, लक्षणंही राहिली. डॉक्टरांकडच्या पुढच्या चकरा मात्र थोड्या कमी झाल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. दुसरा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. न्यूझीलंडमध्ये छातीदुखीसाठी स्ट्रेस टेस्टला आलेल्या 92 जणांपैकी काहींना टेस्टच्या आधीच सांगितलं गेलं, की रिपोर्ट नॉर्मल येण्याचा अर्थ काय आणि हृदय ठीक असूनही छातीत का दुखू शकतं. ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांना निकालानंतर जास्त दिलासा मिळाला आणि महिन्याभराने छातीत दुखण्याची तक्रारही कमी राहिली. हे लोक प्रौढ होते, मुलं नव्हती, हे मान्य. पण जे माणूस म्हणून खरं आहे ते सोळाव्या वर्षी अचानक खोटं ठरेल असं वाटत नाही. टेस्ट तीच, मशीन तेच, निकालही तोच. बोलणं कधी झालं, एवढाच फरक. आपल्याकडे बोलणं नंतर होतं, तेही बहुधा होतच नाही.

त्यात कागद स्वतःच घाबरवतात. ईसीजीचं मशीन पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात आपला निकाल इंग्रजीत छापून टाकतं. त्या मशीनचा हिशोब पुष्कळदा प्रौढांवर बसवलेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये टी-वेव्ह उलटी असणं हे त्या वयाचं लक्षण आहे. मशीन तिथे ‘इस्किमियाचा विचार करा’ असं बजावतं. श्वास आत घेतला की नाडी जरा वाढते आणि सोडला की कमी होते, हे निकोप तरुण हृदयाचं वागणं. कागदावर ‘सायनस अ‍ॅरिदमिया’ उमटतं आणि घरात अर्धा दिवस रडारड होते. बारीक, सडपातळ मुलाच्या छातीतून विद्युतलहरी ठळक येतात, की मशीनला हृदय वाढल्याचा संशय. इकोवर ‘ट्रिव्हियल टीआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे झडपेतून नावापुरता मागे येणारा झोत. तो निरोगी माणसांतही सर्रास दिसतो, पण ‘व्हॉल्व्हमध्ये लीकेज आहे’ असं भाषांतर होऊन तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. हे कागद मुलाच्या हातात देण्याआधी त्यावरचं प्रत्येक भीतीदायक वाक्य पेनने गोल करून समोर बसून सांगणं, हे माझ्या मते तपासणीचाच भाग आहे. त्याशिवाय दिलेला रिपोर्ट अर्धवट असतो.

सगळ्यांत मोठा आक्षेप उघड आहे: त्या शंभरातल्या एकाचं काय? बोलत बसलात आणि तो निसटला तर? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं उत्तरही बऱ्याच अंशी बोलण्यातच आहे, कारण तो एक जण बहुधा हकिकतीतच सापडतो. धावताना, खेळताना छातीत दुखतं आणि थांबलं की थांबतं का? पळता-पळता कधी भोवळ येऊन पडलास का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? लहानपणी कावासाकीचा आजार किंवा हृदयाचं ऑपरेशन झालं आहे का? दुखण्याबरोबर ताप आहे का, झोपल्यावर वाढून पुढे वाकल्यावर कमी होतं का? उंच, किडकिडीत मुलाला एका बाजूला एकदम दुखून धाप लागली असेल तर तिथे एक मिनिट घालवायचं नाही. फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते. यातल्या कशाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ईसीजी, इको, हृदयरोगतज्ज्ञ, सगळं ताबडतोब, आणि तिथे खर्चाचा विचार करू नये. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार सुमारे 500 माणसांत एकाला असतो, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. हकिकत स्वच्छ असेल तरी एक ईसीजी काढायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तोच ईसीजी तीन ठिकाणी काढण्याला, आणि तीनपैकी एकाही ठिकाणी वरचे प्रश्न न विचारण्याला.

बोस्टनची आकडेवारी भारतात जशीच्या तशी लावता येणार नाही, असंही कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. संधिवाताच्या तापाने झडपा खराब होण्याचं प्रमाण आपल्याकडे जास्त. किशोरवयातच झडप आकुंचित झालेल्या भारतीय मुलांविषयी सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्येच लिहून ठेवलं आहे. पण ती मुलं चमक येते म्हणून क्वचितच येतात. त्यांना जिना चढताना धाप लागते, पूर्वी सांधे सुजून ताप आलेला असतो, आणि स्टेथोस्कोपला आवाज लागतो. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत जाऊन जी तपासणी होते, ती अशाच मुलांना शोधण्यासाठी आहे. भारतीय वेगळेपणाची खरी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती फारच साधी असल्यामुळे मागे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली आणि 31 टक्के मुलगे रक्तक्षयी निघाले. रक्त कमी असलं की धडधड होते, दम लागतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. धडधड सांगणाऱ्या मुलीची पाळी कशी आहे हे विचारून हिमोग्लोबिन पाहिलं तर हाती काही लागण्याची शक्यता इकोपेक्षा कितीतरी जास्त. तरी फाइलमध्ये दोन इको असतात, आणि हिमोग्लोबिन 9 आलेला कागद मागे कुठेतरी, कुणी न पाहिलेला. व्हिटॅमिन डीच्या पुड्या मात्र न चुकता चालू असतात.

पालक यावर व्हिडिओ दाखवतात. जिममध्ये कोसळलेला तरुण, गरब्यात, लग्नात नाचताना पडलेला माणूस. अभिनेते पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 ला, वयाच्या 46 व्या वर्षी गेले आणि त्यानंतर बंगळुरूच्या हृदयरुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या. धक्का स्वाभाविक होता. पण 46 आणि 16 यांच्यामध्ये तीस वर्षं आहेत, आणि रक्तवाहिन्यांत चरबी साठायला तीच वर्षं लागतात. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा लवकर येतो हे इंटरहार्ट अभ्यासात दिसलंच, पण ‘लवकर’ म्हणजे पहिल्या झटक्याचं सरासरी वय 53, इतरांचं 59 च्या आसपास. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 1 ते 35 वयातले अचानक हृदयमृत्यू मोजले गेले, ते वर्षाला लाखात 1.3 भरले. लसीचा मुद्दाही हमखास निघतो. आयसीएमआरने देशातल्या 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लस घेतलेल्यांत धोका वाढलेला नाही, कमीच दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या कोविडमुळे रुग्णालयात भरती व्हावं लागणं, घरात अचानक मृत्यू झालेला असणं, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत अतोनात दारू किंवा जोराचा व्यायाम, आणि नशेचे पदार्थ. परदेशांत तरुण मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणणाऱ्या लसी एमआरएनए प्रकारच्या होत्या. आपल्याकडे 2022 मध्ये शाळकरी वयाला दिल्या गेलेल्या कोव्हॅक्सिन आणि कोर्बेव्हॅक्स या त्या प्रकारातल्या नाहीत. एवढं सांगितल्यावर व्हिडिओ थांबतात असं नाही. पण निदान मुलासमोर चहा घेताना ते फॉरवर्ड करत बसू नये, एवढं मागणं गैर नाही.

मग इटलीसारखे सगळ्या मुलांचे ईसीजी काढा, असाही एक विचार आहे. इटलीने 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तपासणी सक्तीची केली आणि व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू लाखात 3.6 वरून 0.4 वर आले. इस्रायलने तोच कायदा केला आणि तिथे फरक पडला नाही. खेळाडूंबाबत हा वाद चालू राहो. घरी पलंगावर चमक येणाऱ्या मुलाशी त्याचा फारसा संबंध नाही.

‘ओपीडीत एवढं बोलायला वेळ कुणाला?’ हा माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप, आणि तो टोलवण्यासारखा नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना किशोरवयाच्या मुलाला पंधरा मिनिटं देणं अवघड असतं हे मी नाकारत नाही. पण समजावणं लांबलचक असावंच लागतं असं नाही. अंगठा बरगडीवर ठेवून, ‘दुखतंय ते या सांध्यात, तीन-चार आठवडे राहील, मधूनमधून परत येईल, आलं तरी घाबरायचं नाही, याचा अर्थ काही नवीन झालंय असा नाही’ हे चार शब्दांचं बोलणं आहे. त्यातलं ‘परत येईल’ सर्वांत महत्त्वाचं. ते आधी सांगितलं नाही तर पहिली कळ परत येताच तुमच्यावरचा विश्वास उडतो. भीतीचा झटका असेल तर ओपीडीतच अर्धा मिनिट भराभर श्वास घ्यायला लावून मुंग्या आणून दाखवाव्या, अर्थात दमा, फिट्स किंवा हृदयाचा विकार नसलेल्या मुलातच. आपणच आणल्या आणि आपणच घालवल्या, हे एकदा अनुभवलं की त्या मुंग्यांचा दरारा उरत नाही. मग सावकाश, लांब उच्छ्वास शिकवायचा, आणि ऑक्सिमीटर घरातून काढून टाकायला सांगायचं. एनर्जी ड्रिंक, जिमचं प्री-वर्कआउट, व्हेप यांची विचारपूस आई बाहेर गेल्यावर करायची.

आई बाहेर गेल्यावर विचारायचं आणखीही असतं. निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत मोठा. लातूर काय, कोटा काय, नीट-जेईईच्या वर्गांत बसलेल्या मुलाला ‘मला जमत नाहीये’ हे म्हणायची सोय नसते. ‘छातीत दुखतंय’ म्हणायची असते. झोप कशी आहे, वर्गात कुणी त्रास देतं का, जगू नये असं कधी वाटतं का, हे सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरते ही भीती निराधार आहे. मुलांना बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या दिवशी हृदयाचा विषय बाजूला ठेवायचा, आईवडिलांना आत बोलवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी फोन लावायचा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीतही, फुकट. तो प्रिस्क्रिप्शनवर औषधांच्या वरच लिहून द्यावा.

शेवटी पालक एक कागद मागतात: पीटीतून सूट द्या म्हणून सर्टिफिकेट. डॉक्टर ते सहज देतात, कारण न देण्यात धोका वाटतो आणि देण्यात कुणाचं काही जात नाही असं वाटतं. मुलाचं पुष्कळ जातं. मैदानाच्या कडेला बसलेल्या मुलाला वर्गातली सगळी पोरं सांगत असतात की तुझं हृदय नाजूक आहे, आणि त्यावर डॉक्टरचा शिक्का असतो. लुईस यांनी शिपायांना कवायत करायला लावली ती याचसाठी. हकिकत आणि तपासणी स्वच्छ असेल तर मी सर्टिफिकेट देतो, पण उलटं: सदर विद्यार्थ्याची हृदयाची तपासणी केली असून त्यास धावणे, कबड्डी व इतर सर्व खेळ खेळण्यास वैद्यकीयदृष्ट्या कोणतीही हरकत नाही, मध्येच छातीत चमक आल्यास दोन मिनिटं थांबून पुन्हा खेळू द्यावे. पालक ते वाचून जरा खट्टू होतात. पीटीचे सर बहुधा खूश होतात.